चाळिशीनंतर हातात घेतलेला माईक आणि स्टेअरिंग

रानजाई | १४ ऑक्टोबर

मी कराडची. एका पतसंस्थेत लेखापाल आहे, नोकरीला एकोणीस वर्षं झाली, वय ४७. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहिते पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात संस्थेची वार्षिक सभा झाली. सहकार कायद्याप्रमाणे ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक दरवर्षी व्यवस्थापक वाचतात. यंदा ते आजारी, म्हणून अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्हीच वाचा, आकडे तुमचेच आहेत." खरंच माझेच होते. थकबाकी, अनुत्पादित म्हणजे हप्ते थकलेल्या कर्जांची तरतूद, मागच्या ऑडिटचा दोष दुरुस्ती अहवाल, सगळं माझ्या हातून गेलेलं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

माईक हातात घेतला, "सन्माननीय सभासद" एवढं म्हणाले आणि पुढचं अक्षर फुटेना. कागद दिसत होता, आकडे दिसत होते. हात इतका थरथरत होता की कागदाची फडफड माईकमधून सगळ्या कार्यालयात ऐकू जात होती. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक संचालक उठले, माझ्या हातातून कागद काढून घेतला, "बसा मॅडम, हे बायकांचं काम नाही" म्हणाले आणि स्वतः वाचायला लागले. तरतुदीचा आकडा त्यांनी चुकीचा वाचला. लाखाच्या जागी हजार. मी खाली बसून ऐकलं, मला चूक कळली, आणि उठून दुरुस्त करायलाही आवाज निघाला नाही. कागद थरथरल्याचं एवढं वाटलं नाही, पण तो आकडा तसाच गेला याचं अजून वाटतं.

दुसरी गोष्ट. माझं माहेर गुहागरजवळ. वडील नाहीत, आई ७६ वर्षांची, एकटी राहते. माझं लायसन्स २०१२ सालचं. दारात वॅगनआर आहे. पण मी चालवते ती मंडई, पोस्ट आणि ऑफिस एवढ्याचसाठी. हायवेला गाडी कधी काढली नाही. माहेरी जायचं म्हणजे ह्यांना सुट्टी हवी, नाहीतर एसटी. ऑगस्टमध्ये ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात आई अंगणात घसरून पडली, मनगट मोडलं. मी एसटीने चिपळूण गाठलं, तिथून दुसरी गाडी पकडली. पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी प्लास्टर घालून आणलं होतं. आई म्हणाली, "कशाला एवढी धावपळ केलीस." आमची गाडी तेव्हा कराडला दारात उभी होती.

दोन्ही गोष्टी एकाच वर्षात झाल्या म्हणून एकत्र लिहितेय. दोन्ही वेळा काम मला येत होतं, ते येत नसल्यामुळे काही अडलं नव्हतं. इथे माझ्यासारखं अडलेलं आणि नंतर सुटलेलं कोणी असेल तर सांगा, सुरुवात कुठून केलीत? धीर देऊ नका, पद्धत सांगा.

दोन_शब्द | १४ ऑक्टोबर

ताई, पद्धतच सांगतो. पुण्यात नऊ वर्षं टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे लोकांसमोर बोलण्याचा सराव करणाऱ्यांच्या क्लबात जातोय. राल्फ स्मेडली नावाच्या माणसाने १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना गावात वायएमसीएच्या इमारतीत हे सुरू केलं. तिथे कोणी कोणाला शिकवत नाही, आळीपाळीने सगळे बोलतात आणि सगळे ऐकतात. एवढ्यावर ती पद्धत शंभर वर्षं चालली आहे.

पहिलं भाषण स्वतःबद्दलचं, ४ ते ६ मिनिटांचं. नंतरची बहुतेक ५ ते ७ मिनिटांची. वेळ पाळणारा एक जण असतो. ५ मिनिटांना हिरवा दिवा, ६ ला पिवळा, ७ ला लाल. एक जण फक्त तुमचे "अं" मोजतो. भाषण झालं की एक जण उभा राहून काय जमलं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं हे दोन-तीन मिनिटांत सांगतो. शिवाय टेबल टॉपिक्स असतात, म्हणजे आयत्या वेळी विषय द्यायचा आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. तुमच्या सभेत जे झालं त्यावर खरं औषध हे शेवटचंच.

क्लब जवळ नसेल तर अडून बसू नका. चार-पाच माणसं, एक खोली आणि मोबाईलचं घड्याळ पुरे. मराठीत "अं" बरोबर "म्हणजे", "तर" आणि "आणि मग" हेही मोजा, आपल्या बोलण्यात तेच जास्त येतात.

तीन गोष्टी तुमच्यापुरत्या. एक, पातळ कागद हातात धरू नका. मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्यावर लिहा, तो फडफडत नाही. दोन, पहिली दोन वाक्यं तोंडपाठ करा आणि बाकीचं अजिबात पाठ करू नका. पाठ केलेलं भाषण एका शब्दाला अडलं की सगळंच जातं. छाती सर्वात जास्त धडधडते ती पहिल्या मिनिटभरात, तेवढं पाठांतरावर निभावून न्या, मग श्वास आपोआप जागेवर येतो. तीन, बोलायच्या आधी रिकाम्या सभागृहात जाऊन एकदा माईकवर बोला. स्वतःचा मोठा झालेला आवाज पहिल्यांदा लोकांसमोर ऐकू आला की माणूस दचकतो.

आपल्याकडेही हे जुनंच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. बोलायला उत्तेजन द्यावं लागतं, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांना ठाऊक होतं.

मितभाषी | १५ ऑक्टोबर

थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा, असं आजकाल ज्याला त्याला सांगितलं जातं. मी लहानपणापासून बोलताना अडखळतो. "क" आणि "प" वर शब्द अडकतो. शाळेत हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही घाम फुटायचा. मला ज्या दोन-चार माणसांत मोकळं बोलता येतं तो माझा आरामाचा कोपरा नाही, बरीच वर्षं खपून कमावलेली जागा आहे ती. तिथून बाहेर पड म्हणून मला ढकलणाऱ्यांनी माझं नुकसान केलंय. कॉलेजात एका शिक्षकांनी "भीती मोडायची" म्हणून मला गॅदरिंगच्या स्टेजवर चढवलं. त्यानंतर दोन वर्षं मी फोनसुद्धा उचलत नव्हतो.

त्यामुळे ताई, आधी एवढं बघा की हे तुम्हाला स्वतःला हवंय का, की त्या संचालकांना दाखवून द्यायचंय. तुमच्या लिहिण्यातून मला वाटतं की तुम्हाला तो आकडा दुरुस्त करायचा होता. तसं असेल तर त्याच्या मागे लागा. मोठा वक्ता व्हायची काही गरज नाही.

आणि अडखळणाऱ्या माणसाचा एक अनुभव, न अडखळणाऱ्यांच्याही उपयोगाचा. शब्द अडकला की मी आता त्याच्याशी झटापट करत नाही. थांबतो, समोर बघतो, श्वास सोडतो, मग तोच शब्द हळू म्हणतो. लोक थांबतात. आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी जास्त थांबतात.

रानजाई | १५ ऑक्टोबर

मितभाषी, राग कसला! दोनदा वाचलं. हो, मला तो आकडा दुरुस्त करायचा होता.

घाटवाट | १७ ऑक्टोबर

ताई नमस्कार. भाषणातलं मला काही कळत नाही, गाडीचं सांगतो. कराड-चिपळूण लाईनवर बावीस वर्षं टेम्पो चालवतोय. तुमचा रस्ता म्हणजे आमचं अंगणच. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरला की पोफळी, शिरगाव, चिपळूण. जवळपास शंभर किलोमीटर. गुहागर अजून चाळीस-पंचेचाळीस.

एकदम घाटाला जाऊ नका. रविवारी पहाटे सहाला निघा, पाटणपर्यंत जा, चहा घ्या, माघारी या. असं चार रविवार करा. त्यात ओव्हरटेक शिका. पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून ओव्हरटेक होत नाही. मागे राहायचं, पुढचा रस्ता मोकळा दिसायला पाहिजे, मगच बाहेर काढायची. दिसत नसेल तर त्याच्या मागनं जायचं. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून कोणाचं काही अडत नाही.

मग घाट. जाताना तुम्हाला उतार आहे, येताना चढ. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसरा, फार तर तिसरा. उतारावर न्यूट्रल कधीही करायची नाही, डिझेल-पेट्रोल वाचतं म्हणून कोणी कितीही सांगू दे. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक थोडा थोडा मारा. वळणावर हॉर्न द्या आणि आपली बाजू सोडू नका. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. एवढा नियम सगळ्यांनी पाळला तर निम्मे घाट मोकळे राहतील.

चढावर गाडी थांबवून परत उचलायची भीती बहुतेकांना असते. हँडब्रेक ओढा, पहिला टाका, क्लच हळू सोडा. बॉनेट जरा उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. कुठल्यातरी चढाच्या बोळात हे पन्नास वेळा करा. आणि पावसाळ्यात पहिल्यांदा घाट उतरू नका, धुक्यात दहा फूट दिसत नाही. फेब्रुवारी चांगला.

मागून कोणी हॉर्न मारला तर घाबरून पळवायची नाही. हॉर्न त्याचा आहे, गाडी तुमची आहे.

पानगळ | १८ ऑक्टोबर

निवृत्त शिक्षक आहे. दोन_शब्द यांचं "पहिली दोन वाक्यं पाठ करा" वाचून जुनी गोष्ट आठवली.

१ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, मी आपणास जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी हे वाक्य म्हटलं असेल. नव्या पद्धतीचे लोक त्याला नावं ठेवतात, आणि पुढची दोन पानंही घोकून घेण्याचा दोष आम्हा शिक्षकांचा होता हे मला मान्य आहे. मुलं शेंगांची टरफलं पाठ म्हणायची, त्यांना स्वतःला टिळकांबद्दल काय वाटतं हे आम्ही कधी विचारलंच नाही. पण ते पहिलं वाक्य वाईट नव्हतं. थरथरणाऱ्या मुलाला ते अर्धं मिनिट देत असे. तेवढ्यात घसा मोकळा व्हायचा, पाय जमिनीवर टेकायचे. मुलाची मान वर येते कधी हे मी बघत असे. बहुतेकांची "बालमित्रांनो"ला यायची.

ताई, "सन्माननीय सभासद" एवढंच तुमच्यासाठी फार तोकडं पडलं. सुरुवातीचं वाक्य जरा लांब ठेवा.

रानजाई | २१ डिसेंबर

दोन महिन्यांनी लिहितेय. करून झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

बोलण्याच्या सरावाला आम्ही पाच जणी आहोत. एक अंगणवाडी सेविका, एक शिलाई काम करणारी, दोघी शिक्षिका आणि मी. दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतो. पहिल्या गुरुवारी मी स्वतःबद्दल बोलायला उभी राहिले आणि दीड मिनिटात खाली बसले. सहा मिनिटांचं बोलायचं होतं. चौथ्या गुरुवारी पाच मिनिटं झाली, त्यात "म्हणजे" तेवीस वेळा. परवा सात. आमच्यातल्या शिलाईवालीला चिठ्ठीत "पाऊस" विषय आला. ती पावसाळ्यात शाळेचे गणवेश वाळत नाहीत आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं, यावर दोन मिनिटं बोलली. तिच्याकडून मी एक शिकले. तिने पावसाबद्दल सांगायचं सोडून त्या ओल्या कापडाबद्दल सांगितलं आणि आम्ही सगळ्या त्या दारात जाऊन उभ्या राहिलो.

गाडी. घाटवाट दादा, पाच रविवार पाटणला जाऊन आले. हे शेजारी बसतात. पहिल्या दिवशी ह्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता, तिथे ब्रेक नसताना. मी म्हटलं, तुम्ही खिडकीबाहेर नदी बघा. तेव्हापासून नदी बघतात. हा सगळा रस्ता कोयनेच्या उलट दिशेने जातो. प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरून येऊन भेटणारी नदी इतक्या लांबून येते, हे मी इतकी वर्षं कराडात राहून अंगाने कधी जाणलं नव्हतं. शेजारच्या सीटवरून रस्ता नुसता दिसतो. चालवायला लागल्यावर त्याचे चढ-उतार पायाला कळतात.

हँडब्रेकचा सराव घरामागच्या चढाच्या बोळात केला. पन्नास नाही, साठ वेळा.

कृष्णाकाठ | २३ डिसेंबर

ताई, मनापासून अभिनंदन. मी सांगली जिल्ह्यातली, पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. २०११ ला महाराष्ट्रात महिलांना निम्म्या जागा झाल्या, त्यानंतर निवडून आले. माझ्यासारख्या कितीतरी जणींची सही चालायची आणि बोलायचे घरातले पुरुष. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा आणि त्यांच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. आमच्याकडे महिलांची सभा रजिस्टरावर व्हायची. शिपाई घरी येऊन अंगठे नि सह्या घेऊन जायचा.

मी पहिल्यांदा बोलले ते पाण्याच्या टाकीवर. टाकी बांधून झाली होती, वरच्या आळीला पाणी चढत नव्हतं. भाषण वगैरे काही तयार केलं नव्हतं. सकाळी हंडा घेऊन किती पावलं जावं लागतं ते मोजून गेले होते, चारशे बारा. सभेत उभी राहिले आणि म्हटलं, मी आज चारशे बारा पावलं मोजली, पंचायतीतल्या कोणी मोजली असतील तर सांगा. मागून दोघे-तिघे हसले. मग आळीतल्या बायका एकेक करून उठायला लागल्या आणि आपापला आकडा सांगायला लागल्या. तीनशे नव्वद. पाचशे साठ. हसणं थांबलं.

तुमच्याकडे तर आकडेच आकडे आहेत. ताळेबंदातला एकच आकडा निवडा जो सभासदाच्या घरापर्यंत जातो. बाकीचे छापील अहवालात असतातच.

उत्तरेचा_वारा | २ जानेवारी

शिकागोहून. इथे आले तेव्हा उजव्या बाजूने गाडी चालवायची म्हणून पहिलं वर्ष घरातच काढलं. सिग्नल नसलेल्या चौकात चारही बाजूंना थांबायच्या पाट्या असतात. जो आधी आला तो आधी जातो. आपली पाळी आहे हे ओळखून पुढे जायलाच मला महिने लागले. मागचे थांबून राहायचे आणि मी त्यांना हाताने जा जा करायची. ऑफिसच्या मीटिंगमध्येही अगदी हेच. दुसऱ्याचं संपलं की माझी पाळी असायची आणि मी ती पुढच्याला देऊन टाकायची.

गेल्या उन्हाळ्यात आय-९० महामार्गाने साऊथ डकोटा राज्य ओलांडून गेले, एकटी. तिथे वेगमर्यादा ताशी ८० मैल आहे आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर गवत. त्या प्रवासात मी मोठ्याने बोलत गेले. गणेशोत्सवात मंडळात करायचं सूत्रसंचालन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मराठीतून. गाडीइतकी चांगली तालमीची खोली मला आजवर मिळालेली नाही. रानजाई, पाटणच्या रस्त्यावर करून बघा.

रानजाई | २३ फेब्रुवारी

काल घाट उतरले. एकटी.

हे येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. गाडीत डबा, पाणी, आईसाठी दोन सुती साड्या आणि तिच्या गोळ्या. सहा वाजता निघाले तेव्हा काळोख होता. पाटणला उजाडलं. हेळवाकला नदी एकदम वळते. तिथून पुढे तिची सोबत सुटते आणि रस्ता झाडीत शिरतो. घाटमाथ्यावर गाडी बाजूला लावून टपरीवर चहा घेतला. हात थरथरत होते. कपातला चहा हलत होता तो मी बघत बसले आणि मला एकदम त्या कागदाची आठवण झाली. हात तोच, थरथरही तीच. फरक एवढाच की या वेळी मी थरथर थांबायची वाट बघितली नाही. चहा संपवला, कप ठेवला, गाडीत बसले, दुसरा गिअर टाकला.

पहिल्या दोन वळणांना पुढचं काही सुचत नव्हतं, फक्त दादांची वाक्यं. आपली बाजू. हॉर्न. ब्रेक थोडा थोडा. तिसऱ्या की चौथ्या वळणाला खालून एक भरलेला ट्रक वर येत होता, रस्ता अरुंद. मी आधीच डावीकडे घेऊन थांबले. ड्रायव्हरने जाताना हात वर केला. आयुष्यात मला पुष्कळांनी शाबासकी दिली आहे, पण तो वर झालेला हात माझ्या फार आत जाऊन बसलाय. त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. त्याच्यासाठी मी वाट देणारी एक गाडी होते, इतर कुठल्याही गाडीसारखी.

पोफळीच्या खाली हवा बदलते. काच खाली केली की दमट वास येतो, तो माझ्या माहेरचा वास. चिपळूणनंतर मी मोठ्याने बोलायला लागले, उत्तरेचा_वारा यांनी सांगितलं तसं. "सन्माननीय अध्यक्ष, संचालक मंडळ आणि ज्यांच्या ठेवींवर ही संस्था उभी आहे ते आपण सर्व सभासद..." पानगळ सर, लांब वाक्य.

घरी पोचले तेव्हा आई अंगणात कोकमं निवडत होती. गाडी थांबली तशी तिने सवयीने उजव्या दाराकडे बघितलं, मग डावीकडे, मग मागे. "जावई कुठायत?" म्हणाली. मी म्हटलं, घरी. ती उठली, गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. मग आत गेली आणि मीठ-मोहऱ्या घेऊन आली. आधी माझी दृष्ट काढली, नंतर गाडीची.

मितभाषी | २३ फेब्रुवारी

रानजाई, "थरथर थांबायची वाट बघितली नाही" हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलंय. इतकी वर्षं मी ती थांबायचीच वाट बघत होतो.

घाटवाट | २४ फेब्रुवारी

शाब्बास ताई. घाटात पांढरी वॅगनआर दिसली तर हॉर्न देईन, घाबरू नका.

रानजाई | २६ सप्टेंबर

सभा झाली. जुलैतच अध्यक्षांना लेखी दिलं होतं की यंदा आर्थिक पत्रकं मी मांडेन. एका बैठकीत त्यावर चर्चा झाली, मग हो म्हणाले.

सकाळी नऊ वाजता रिकाम्या कार्यालयात जाऊन माईकवर बोलून आले. फक्त खुर्च्या मांडणारी पोरं होती. त्यातला एक म्हणाला, काकू आवाज मागपर्यंत येतोय. हातात पुठ्ठा, त्यावर सहा ओळी.

मोठं वाक्य म्हणून झालं आणि मान वर आली, सर म्हणाले तशीच. मग दुसरं वाक्य, तेही पाठ केलेलं. "मागच्या वर्षी याच सभेत अनुत्पादित कर्जाच्या तरतुदीचा आकडा हजारात वाचला गेला होता. तो लाखात आहे. आधी तो दुरुस्त करते." एवढं बोलून मी थांबले. मितभाषी म्हणतात तसे लोक खरंच थांबतात. ते संचालक पहिल्या रांगेत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, माझं काम आकड्याशी होतं.

आठ मिनिटं बोलले. एकदा अडले, "लाभांश" च्या आधी. श्वास सोडला, पुढे गेले.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी उठले. म्हणाले, "बाई, तरतूद तरतूद म्हणताय, म्हणजे आमच्या ठेवीला धोका हाय का?" हे पुठ्ठ्यावर नव्हतं. मला गणवेशाचं ओलं कापड आठवलं. मी म्हटलं, "काका, पेरणी वाया गेली तर दुबार पेरायला म्हणून तुम्ही बियाण्याची एक पिशवी बाजूला ठेवता ना? ती ठेवली म्हणजे पेरणी बुडाली असं नाही. ज्या कर्जांचे हप्ते थकलेत ती कदाचित येणार नाहीत, म्हणून नफ्यातून आधीच बाजूला काढलेली रक्कम म्हणजे तरतूद. ती पिशवी भरलेली आहे की नाही, हे तुम्ही दरवर्षी मला विचारायचं." त्यांनी परत विचारलं, "भरलेली हाय?" मी आकडा सांगितला. लाखात. ते खाली बसले आणि शेजारच्याला तोच आकडा सांगताना मला दिसले.

कृष्णाकाठ ताई, तुमचा एक आकडा हाच निघाला.

दोन_शब्द | २७ सप्टेंबर

मूल्यमापन करणाऱ्याने काहीतरी सुधारणा सांगायची असते, असा आमचा दंडक. मी एवढंच सांगतो की त्या शेतकऱ्याचं उत्तर पुढच्या वर्षी मुख्य भाषणात घ्या. अहवालाच्या पहिल्याच मिनिटाला.

कृष्णाकाठ | २७ सप्टेंबर

वाचताना अंगावर काटा आला. आता पुढे कुठे?

रानजाई | २८ सप्टेंबर

डिसेंबरात आईला घेऊन हर्णै-आंजर्ल्याला जायचं आहे. गुहागरहून धोपाव्यापर्यंत गाडीने, तिथून फेरीबोटीवर गाडी चढवून दाभोळ, मग दापोलीकडून किनाऱ्याने. आईची मावशी आंजर्ल्याची होती. आई लहानपणी एकदा पडावातून गेली होती म्हणते, त्यानंतर कधीच नाही. गुरुवारच्या गटातली शिलाईवाली पण येणार आहे, तिने अजून समुद्र पाहिलेला नाही.

घाटवाट | २८ सप्टेंबर

ताई, जेट्टीवर गाडी कधीकधी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात. ओल्या उतारावर, आणि हात दाखवणारे चौघे असतात. एकाचंच ऐकायचं, कुणाचं ते आधी ठरवायचं.

रानजाई | २९ सप्टेंबर

मागच्या बोळात आजपासून सुरू केलं. आरशात बघून, उतारावर, रिव्हर्स.